पणजोबा एक, नोंदी दोन

हेडफोन लावलेत ना? आज कागलची गोष्ट, माझ्याच घरातली.

धाकट्या बहिणीच्या दाखल्यासाठी पणजोबांचे कागद शोधले. शाळेच्या रजिस्टरात 'मराठा', जन्म १ जून. गाव नमुना १४ मध्ये, म्हणजे जन्म-मृत्यूच्या नोंदीत, 'कुणबी' आणि महिना वेगळाच. तेही मोडीत, जाणकाराकडून वाचून घेतलं.

१ जूनचं कोडं सोपं. तारीख माहीत नसली की गुरुजी शाळा सुरू व्हायच्या सुमाराची टाकायचे. पण जातीचं काय?

म्हटलं, जुनी जनगणना काढू, विषय संपला! कुठला संपतोय? १९४८ च्या जनगणना कायद्याचं कलम १५ सांगतं, घरोघरी भरलेली माहिती कुणाला बघता येत नाही. १९३१ चे जातवार आकडे छापलेत, पण त्या नुसत्या बेरजा. त्यात आपला माणूस सापडत नाही.

भीती वेगळीच होती: त्याच नावाचा दुसराच कुणी असला तर? मग वारसाचा फेरफार काढला. त्यातली भावंडं नमुना १४ मध्ये त्याच बापाच्या नावावर सापडली. घर पक्कं झालं!

२०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती अशाच कुणबी नोंदी शोधायला नेमली गेली. त्यामुळे शाळेचा कागद लपवायचा मोह झाला, खोटं कशाला बोलू? आजी म्हणाली, "दोन्ही लाव. माणूस एकच हाय न्हवं?"

दोन्ही लावले. निकाल यायचाय.

आज रात्री आजीजवळ बसा, मोबाईलवर रेकॉर्डिंग लावा आणि भावंडांची नावं विचारा. भेटू!