स्वयंसेवकांची हस्तपुस्तिका
(परंडा येथील प्राथमिक शिक्षकांपुढील भाषण)



गावात चांगले काम सुरू करणे फारसे कठीण नाही. सुरू करणाऱ्याच्या पाठीमागे ते टिकविणे कठीण आहे. एखादा उत्साही शिक्षक साक्षरता वर्ग काढतो. त्याच्या शब्दाखातर चार तरुण शिकवावयास येतात. दहापंधरा बायामाणसे संकोच सोडून पाटी हाती घेतात. पुढे शिक्षकाची बदली होते. खोलीची किल्ली कोणाकडे, हजेरी कोठे, कोणाचा धडा कोठवर आला, हे सर्व त्या एकाच माणसाच्या डोक्यात असते आणि ते त्याच्याबरोबर गावाबाहेर जाते. महिन्याभरात वर्ग मोडतो. नुकतीच सही करू लागलेली बाई पुन्हा अंगठ्याकडे वळते. ही हानी कोणाच्या दुष्टाव्याने होत नाही. जे लिहून ठेवावयाचे, ते लिहून ठेवले नाही, एवढ्यानेच ती होते.

परंडा तालुक्याला लिहून ठेवण्याचा वारसा जुना आहे. सीनेच्या काठी डोमगाव येथे समर्थ रामदासांचे शिष्य कल्याणस्वामी यांचा मठ आहे. समर्थांनी सांगावे आणि कल्याणांनी लिहून घ्यावे, अशा रीतीने दासबोध सिद्ध झाला, असे परंपरा सांगते. समर्थांचे शिष्य दूरदूरच्या मठांत विखुरलेले होते. प्रत्येक अडचणीच्या वेळी गुरूंजवळ येऊन विचारणे त्यांना शक्य नव्हते. अशा वेळी लिहिलेला शब्दच सोबत करतो. त्या ग्रंथात अध्यात्माबरोबर महंताने कसे वागावे आणि समुदाय कसा राखावा, याचाही विचार आहे. अकराव्या दशकातील महंतलक्षणांचा आरंभच शुद्ध लिहिणे, लिहिलेले तपासणे आणि न चुकता वाचणे या अपेक्षेने होतो. एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास तर सर्वस्वी लेखनाविषयी आहे. कागदाच्या कडा झिजल्या तरी अक्षर जाऊ नये, म्हणून भोवती जागा सोडण्याची सूचनाही तेथे सापडते. पुस्तक पुष्कळ हातांतून जावयाचे आहे, हे जाणणाऱ्याचीच ती सूचना होय.

आधुनिक काळातही महाराष्ट्राने स्वयंसेवकांच्या बळावर मोठे काम केले आहे. सातारा जिल्ह्यात १९५९ साली ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली आणि पुढे ती राज्यभर पसरली. प्राथमिक शिक्षक व गावातील शिकलेली मंडळी यांनी प्रौढांना अक्षरओळख दिली. गाव साक्षर झाल्यावर ग्रामगौरव समारंभ होत. अलीकडे २०२२ ते २०२७ या काळासाठी आखलेल्या नवभारत साक्षरता कार्यक्रमाची, म्हणजेच ‘उल्लास’ची, उभारणीही स्वयंसेवकांवरच आहे. पंधरा वर्षांवरील निरक्षरांसाठी तो आहे, आणि त्याच्या चाचणीत वाचन, लेखन व संख्याज्ञान यांना प्रत्येकी ५० गुण असतात. काय शिकवावे, हे अशा कार्यक्रमात ठरलेले असते. परंतु पहिल्या संध्याकाळी दारात उभे राहून काय करावे, हे त्या त्या गावालाच लिहावे लागते. ते काम हस्तपुस्तिकेचे.

ही पुस्तिका दुसऱ्या संस्थेची नाव बदलून घेऊ नये. ती स्वयंसेवकांच्या प्रश्नांतून तयार व्हावी. महिनाभर वर्गात एक वही ठेवावी. कोणी काही विचारले की प्रश्न त्यात टिपावा. शिकणारी मावशी चार दिवस आली नाही, तर घरी जावे काय? खडूचे पैसे कोणी द्यावेत? अशा प्रश्नांची उत्तरे सर्वांनी बसून ठरवावीत. तीच पुस्तिकेची पाने होत. सोळा पाने पुष्कळ झाली. जाडजूड पुस्तक कपाटात राहते, लहान पुस्तक खिशात राहते.

काही गोष्टी मात्र कोणी विचारल्या नाहीत तरी लिहाव्यात. वर्गाची जागा व वेळ. स्त्रियांच्या वर्गाची वेळ त्यांनाच विचारून ठरवावी. येता न आल्यास कोणास कळवावे. प्रौढांना काका, मावशी, आजी अशीच हाक मारावी. चूक झाल्यास हसू नये. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांनी पुस्तक बरोबर कसे न्यावे आणि परतल्यावर त्यांचा धडा कोठून सुरू करावा. साप चावला, कोणास चक्कर आली, तर १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका कशी बोलवावी.

मर्यादाही तितक्याच स्पष्ट असाव्यात. स्वयंसेवकाने एकट्याने पैसे गोळा करू नयेत. जमाखर्च दोघांच्या सहीने राहावा. वर्गात पक्षाचा वा जातीचा प्रचार करू नये. शिकणाऱ्याच्या संमतीवाचून छायाचित्र घेऊ नये. कोणाच्याही कागदावर त्याच्याऐवजी सही करू नये. ज्याला साक्षर करावयाचे, त्याच्या विश्वासाचा घात त्याहून मोठा नाही. नियमाशेजारी त्याचे कारण एका वाक्यात द्यावे. कारण कळले म्हणजे नियम जाचत नाही.

शेवटचे पान सर्वांत महत्त्वाचे. काम सोडताना काय सोपवावे, त्याची यादी तेथे असावी: किल्ली, हजेरी, साहित्य, जमाखर्च आणि प्रत्येक शिकणाऱ्याची प्रगती. पुस्तिका पुरी झाली की तिची परीक्षा घ्यावी. ती एका नव्या तरुणास द्यावी आणि त्या संध्याकाळी शिक्षकाने वर्गाला जाऊ नये. तरुणाला जेथे अडले, तेथे पान अपुरे आहे असे समजावे व ते सुधारावे. दरवर्षी नवी आवृत्ती काढून तिच्यावर तारीख घालावी.

पुस्तिकेने जिव्हाळा निर्माण होत नाही, हे खरे. तो माणसातच असावा लागतो. परंतु जिव्हाळ्याचे माणूस गाव सोडून गेले, तरी त्याचे काम उघडे पडू नये, एवढे पुस्तिका खात्रीने करते. शिक्षकाची बदली त्याच्या हाती नसते; बदलीच्या दुसऱ्या दिवशी वर्ग भरावा, याची तजवीज मात्र त्याच्या हाती असते. तो निघून गेल्यावरही दिवेलागणीला वर्गाचे दार उघडले, तर त्या शिक्षकाचे काम पुरे झाले.