नर्रईची रात्र आणि संगणकावरील रणांगण

बडा फुहारा हे जबलपुरातील गजबजलेल्या बाजारपेठेचे ठिकाण. तेथून काही कोसांवर, नर्रई येथे, १५६४ च्या जून महिन्यात राणी दुर्गावती मोगल सेनापती आसफखानाशी लढली. आरंभी सरशी तिची झाली. त्याच रात्री छापा घालावा असा तिचा आग्रह होता. सरदारांना तो मानवला नाही. उजाडता उजाडता आसफखानाच्या तोफा खिंडीच्या तोंडाशी येऊन ठाकल्या.

बुद्धिबळात प्रतिपक्ष आपली पाळी येईपर्यंत थांबतो. आसफखान थांबला नाही. संगणकावरील काही ऐतिहासिक युद्धखेळांचे मर्म नेमके हेच आहे. १९९९ च्या ‘एज ऑफ एम्पायर्स २’ मध्ये अन्न, लाकूड, सोने व दगड गोळा करणारे गावकरी, नवी सैन्यभरती आणि चालू लढाई, हे सारे एकाच वेळी सांभाळावयाचे असते. जरा ढिलाई झाली की शत्रू वेशीवर! मात्र त्यातील सैनिक कमालीचा आज्ञाधारक. शेवटचा गडी पडेपर्यंत त्याला भय ठाऊक नाही. असे सैन्य कोणत्या सेनापतीला लाभले असेल?

२००९ च्या ‘एम्पायर: टोटल वॉर’ मध्ये मराठ्यांचे राज्यही चालवावयास मिळते. राज्यकारभार तेथे पाळीपाळीने चालतो. लढाई तेवढी वाहत्या काळात. पण बगलेवर हल्ला झाला, सेनानी पडला, की पलटणीचे धैर्य खचते आणि ती पळू लागते. इतिहासाच्या अधिक जवळ जातो तो हाच खेळ. तरीही रात्रीच्या मसलतीत ‘नको’ म्हणणारा सरदार दोहोंतही नाही; आणि नर्रईला पारडे फिरले ते त्याच्यामुळे.