आवाजाचा आवर



गायिका मंद्र सप्तकात गुणगुणते तेव्हा मागच्या रांगेपर्यंत शब्द पोचत नाहीत. तीच तारषड्जाला भिडली की कर्णा फाटल्यासारखा वाजतो. कॉम्प्रेसर ही दरी कमी करतो. ठरवलेल्या उंबरठ्याच्या वर आवाज ८ डेसिबलने गेला आणि प्रमाण ४:१ असेल, तर बाहेर तो २ डेसिबलनेच वर येतो. १९६७ साली बिल पटनम यांनी घडवलेला ‘११७६’ हे काम एका मिलिसेकंदाच्या आत सुरू करतो. तबल्याला मात्र हा वेग मारक. थापेचा पहिला आघातच दाबला गेला की उरते ती नुसती आस. तेथे २०-३० मिलिसेकंदांची सवलत द्यावी.

ध्वनिमुद्रण करताना हात आखडताच बरा, कारण दाबून मुद्रित झालेला आवाज पुढे मोकळा करणे फार कठीण. रंगमंचावरचा धोका निराळा. भरपाई म्हणून पातळी ६ डेसिबलने वाढवलेली असते. गायक थांबताच कॉम्प्रेसर दाब सोडतो, ती सारी वाढ उघडी पडते, कर्ण्याचा आवाज मायक्रोफोनमध्ये शिरतो आणि शीळ सुटते. दोष जातो बिचाऱ्या मायक्रोफोनच्या माथी! अशा वेळी भरपाई उतरवावी, आणि गायकापुढच्या मॉनिटरला शक्यतो न दाबलेलाच आवाज द्यावा.