पाळीचे घड्याळ सर्वांसमोर हवे
(मुरगाव येथील मासिक बैठकीतील भाषण)



वास्कोच्या श्री दामोदर भजनी सप्ताहात चोवीस तास भजन अखंड चालते. प्लेगच्या साथीत, 1898 च्या सुमारास सुरू झालेली ही परंपरा टिकली, कारण एका पथकाची पाळी संपते तेव्हा दुसरे टाळ घेऊन तयार असते. पाळी सांभाळणे हीही सेवाच.

आपल्या बैठकीत मात्र प्रत्येकाचे घड्याळ वेगळे. गेल्या खेपेस आम्ही चौघांनी दहा मिनिटांची वीस केली. शेवटी बोलणाऱ्या भगिनीला तीनच मिनिटे उरली.

पूर्वी लग्नात घटिकापात्र ठेवीत. तळाला भोक असलेली वाटी पाण्यात चोवीस मिनिटांनी बुडे. यजमान कितीही मोठा असो, वाटी कोणासाठी थांबत नसे. तसे उलटी मिनिटे मोजणारे एकच घड्याळ सर्वांना दिसेल असे लावूया. मग अध्यक्षांना चिठ्ठी पाठवावी लागणार नाही.

बँकेत रोख जुळल्याशिवाय आम्ही उठत नाही. येथे मात्र दुसऱ्याच्या खात्यातली मिनिटे बिनदिक्कत काढतो. मराठीला राजभाषेचा समान दर्जा मागणाऱ्यांनी आधी आपल्या सभेत समान वेळ द्यावा.

सुरुवात माझ्यापासूनच करा.