हरमलचे गोडे तळे : पाहुणचार आणि पथ्य



पेडणे तालुक्याच्या पश्चिमेस, अरबी समुद्र आणि जांभ्या दगडाचा डोंगर यांच्या सांध्यावर हरमल हा गाव वसलेला आहे. या गावच्या मुख्य किनाऱ्यावरून उत्तरेकडे, डोंगराचा कडा उजव्या हाताला ठेवून जाणारी एक पायवाट आहे. ती उतरून पलीकडच्या लहानशा पुळणीवर पोहोचताच प्रवाशाला एक नवल दिसते. एका बाजूस खाऱ्या लाटांचा अखंड गजर, तर वाळूच्या अरुंद पट्ट्यापलीकडे, झाडीने वेढलेल्या घळीच्या तोंडाशी, गोड्या पाण्याचे शांत तळे. समुद्र इतका निकट असूनही हे पाणी गोडे राहते, म्हणूनच देशोदेशीचे प्रवासी त्याला ‘गोडे तळे’ म्हणून ओळखतात.

गोवा १९ डिसेंबर १९६१ रोजी मुक्त झाला. त्यानंतरच्या दशकांत परदेशी तरुणांचे जथे येथील किनाऱ्यांवर येऊ लागले आणि एकांताच्या शोधात उत्तरेकडे सरकत हरमलपर्यंत पोहोचले. त्या काळी शिवोलीहून चोपड्याला येण्यास शापोरा नदी फेरीबोटीने ओलांडावी लागे. पुढे नदीवर पूल झाला, १९९८ मध्ये कोकण रेल्वे संपूर्ण मार्गावर धावू लागली, आणि जानेवारी २०२३ पासून पेडणे तालुक्यातीलच मोपा येथे विमाने उतरू लागली. ज्या तळ्याकडे येण्यास पूर्वी दिवस खर्ची पडे, तेथे आता पर्यटक सकाळी विमानातून उतरून दुपारी पोहोचू शकतो. पाहुणे वाढले, तळे मात्र होते तेवढेच आहे. मासे धरावेत, होडी हाकावी, काठावर राहुटी ठोकून चांदणे पाहावे, अशी इच्छा घेऊन येणाऱ्यास या तळ्याचा स्वभाव सांगणे हे यजमान गावाचे आणि शासनाचे समाईक कर्तव्य ठरते.

तळ्याच्या गोडीचे मूळ डोंगरात आहे. परशुरामाने हरमलच्या डोंगरावर यज्ञ केला आणि तेथील पांढरट माती ही त्या यज्ञाची राख होय, अशी कथा या भागात सांगितली जाते. भूगर्भशास्त्र त्याच मातीची दुसरी कथा सांगते. कोकण व गोव्यातील सड्यांवर जांभ्या दगडाचा थर असतो. तो सच्छिद्र असल्याने पावसाचे पाणी शोषून घेतो. त्याखाली बहुधा चिकण मातीचा थर असतो आणि तो पाणी सहजी खाली जाऊ देत नाही. गोव्यात वर्षाकाठी सरासरी सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो व त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. डोंगर हे पाणी साठवतो आणि पायथ्याच्या झऱ्यांतून पुढे महिनोन्‌महिने बेताबेताने सोडतो. तळे म्हणजे या साठ्याचे उघडे तोंड होय.

समुद्राचे पाणी या साठ्यात का शिरत नाही, याचेही उत्तर शास्त्राने दिले आहे. एक लिटर समुद्रजलात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात; त्यामुळे ते गोड्या पाण्याहून किंचित जड असते. किनाऱ्यालगतच्या सच्छिद्र जमिनीत हलके गोडे पाणी वर राहते आणि खाऱ्या पाण्याला खाली दाबून धरते. समुद्रसपाटीच्या वर गोड्या पाण्याची पातळी एक हात असेल, तर तिच्याखाली सुमारे चाळीस हात खोलीपर्यंत गोडे पाणी टिकते, असा ढोबळ हिशेब आहे. हाच हिशेब उलटाही लागू पडतो. वरची पातळी एक हाताने खाली गेली, तर कालांतराने खालचे खारे पाणी चाळीस हात वर चढू शकते. डोंगरावरची झाडी तुटली, सड्यावर सिमेंटचे आवरण पडले, किंवा पायथ्याशी विंधन विहिरींनी अमर्याद उपसा झाला, तर त्याचा परिणाम तळ्याच्या व गावच्या विहिरींच्या पाण्यावर होईल. विहीर एकदा खारी झाली म्हणजे ती पुन्हा गोडी होण्यास कित्येक पावसाळे लागतात. पर्यटक महिनाभराने परत जातो, पण त्याच विहिरीवर घागर भरणाऱ्या गृहिणीला दुसरे गाव नसते.

हे ध्यानी घेऊन आता पाहुण्यांच्या तीन हौशींचा विचार करू.

पहिली हौस मासेमारीची. हरमल हा मुळात रापणकारांचा गाव. होडीने जाळे समुद्रात फिरवून आणायचे आणि दोन्ही टोकांनी अनेक हातांनी किनाऱ्यावर ओढायचे, ही रापणीची रीत पाहणे हाच एक शिक्षणाचा भाग आहे. तळ्यात गरी टाकून घटकाभर बसण्यात गैर काही नाही. परंतु लहान तळ्यातील मासळीचा साठाही लहानच असतो. पहिल्या पावसात अंड्यांनी भरलेले मासे प्रवाहाविरुद्ध वर चढतात. त्यांना कोकणात ‘चढणीचे मासे’ म्हणतात. ते धरणे सोपे असते, पण एक मासा धरला की पुढची एक पिढीच ताटात येते. समुद्रात जून व जुलै हे दोन महिने यांत्रिक नौकांच्या मासेमारीस गोव्यात बंदी असते. तोच संयम गोड्या पाण्यासाठी ग्रामस्थांनी आपणहून पाळल्यास त्याला कायद्याची वाट पाहावी लागणार नाही.

दुसरी हौस नौकाविहाराची. यासाठी डिचोली तालुक्यातील मये येथील, टेकड्यांनी वेढलेला तलाव अधिक योग्य होय आणि त्याची ख्यातीही त्यासाठीच आहे. हरमलचे तळे आटोपशीर असून तेथे इंजिनाची होडी नेणे म्हणजे तेलाचा तवंग पाण्यावर आणि गोंगाट काठावर आणणे होय. पोहणाऱ्यांनीही सावध असावे. तळाशी गाळ असलेल्या पाण्यात खोलीचा अंदाज चकवतो, आणि पुळणीपलीकडचा समुद्र तर पावसाळ्यात कोणाचीच गय करीत नाही. गोव्याच्या किनाऱ्यांवर २००८ पासून संघटित जीवरक्षक सेवा आहे. जीवरक्षकाचा इशारा हा हुकूम समजावा.

तिसरी हौस राहुटीची. तळ्याच्या मागील घळीतील वडाच्या छायेत मुक्काम करण्याची प्रथा परदेशी प्रवाशांनी पाडली. मुक्काम म्हटला की चूल आली, साबण आला, शौचाचा प्रश्न आला आणि मागे उरणारा प्लॅस्टिकचा ढीगही आला. वाळल्या पाचोळ्यावर पडलेली एक ठिणगी उन्हाळ्यात सारी घळ पेटवू शकते. साबणाचा फेस तळ्यात उतरला की शेवाळ माजते आणि पाण्यातील प्राणवायू घटतो. गोवा पर्यटन स्थळे (संरक्षण व देखभाल) अधिनियम, २००१ मध्ये २०१९ साली झालेल्या दुरुस्तीने पर्यटन स्थळी उघड्यावर स्वयंपाक करणे, मद्यपान करणे व बाटल्या फोडणे दंडनीय ठरविले आहे. त्यामुळे दिवसा तळ्याकाठी यावे आणि रात्री गावातील घरगुती निवासात राहावे, हा उत्तम मार्ग होय. त्यातून पाहुण्याला पेजेची आणि हुमणाची चव कळते व चार पैसे गावच्या घरात राहतात. अंगाला लावण्यासाठी तेथील पिवळी माती उकरण्याचीही चाल पडली आहे. काठ उकरल्याने तो ढासळतो आणि तळे गाळाने भरते, हे पाहुण्यांना सौम्य शब्दांत सांगावे.

यजमानांसही पथ्य आहे. पाहुण्याने साबण लावू नये असे सांगणाऱ्याने आपल्या उपाहारगृहाचे सांडपाणी ओढ्यात सोडता कामा नये. गोवा भूजल विनियमन अधिनियम, २००२ अन्वये विहिरींच्या नोंदणीची व नियमनाची तरतूद आहे. तिचा अंमल चोख ठेवणे ही अधिकाऱ्यांची जबाबदारी आणि नोंद लपवून न ठेवणे ही ग्रामस्थांची. किनारा नियमन क्षेत्राच्या अधिसूचना १९९१ पासून लागू आहेत. त्यांतील तरतुदी सोप्या भाषेत पंचायतीच्या फलकावर लागल्यास अनेक तंटे उद्भवण्यापूर्वीच मिटतील.

शिक्षकांच्या हाती तर फारच मोठे साधन आहे. दरमहा एक दिवस ठरवून विद्यार्थ्यांनी गावातील चार विहिरींच्या पाण्याची पातळी दोरीने मोजावी आणि वहीत लिहावी. पाण्याची खारटी तपासण्यासही मोठे उपकरण लागत नाही. एका टोकाला जड केलेली पोकळ नळी गोड्या पाण्यात उभी तरंगवून पातळीची खूण करावी. पाणी जितके खारे, तितकी नळी वर उचलली जाते. अशी पाच वर्षांची वही तयार झाली, तर ती ग्रामसभेत कोणत्याही भाषणापेक्षा अधिक बोलेल. मे महिन्यात खूण वर सरकू लागली, तर डोंगराचे कर्ज थकले असे समजावे आणि वेळीच उपसा आवरावा.

अतिथीला देव मानणारी ही भूमी आहे. परंतु देवापुढे ठेवलेला तांब्या गोड्या पाण्याने भरलेला असावा, एवढी काळजी यजमानाने घ्यावयाची असते. हरमलच्या डोंगराने आजवर हा तांब्या भरून दिला आहे. तो उद्याच्या पाहुण्यांसाठी, आणि त्याहून अधिक उद्याच्या हरमलकरांसाठी, भरलेला राहील अशी वागणूक आज पाहुण्यांनी आणि यजमानांनी मिळून ठेवावयाची आहे.