देहाआधीं जन्मलेला नायक

कथेंतील वीरपुरुष प्रथम लेखकाच्या मनांत अवतरतो, मग कागदावर उतरतो, आणि लोकांना तो आवडला म्हणजे रंगभूमीवर किंवा नभोवाणीवर त्याला वाचा फुटते, असा सामान्य क्रम आहे. अमेरिकेंतील एका वीरपुरुषाच्या बाबतींत मात्र हा क्रम अगदीं उलटा झाला. त्याला प्रथम वाचा फुटली. चेहरा, पोशाख, नांवगांव आणि पूर्वचरित्र हें सारें मागाहून आलें, आणि तेंहि श्रोत्यांनीं मागणी केली म्हणून! ‘शॅडो’, म्हणजे छाया, हें त्याचें नांव.

न्यूयॉर्कची स्ट्रीट अँड स्मिथ ही प्रकाशनसंस्था स्वस्त कथामासिकें काढीत असे. लांकडाच्या लगद्याच्या खरखरीत कागदावर छापलेलीं, भडक मुखपृष्ठांचीं असलीं मासिकें त्या लगद्यावरूनच ‘पल्प’ या नांवानें ओळखलीं जात. आपल्या ‘डिटेक्टिव्ह स्टोरी मॅगझिन’ या मासिकाचा खप वाढावा म्हणून ह्या संस्थेनें कोलंबिया नभोवाणीवर दर आठवड्यास रहस्यकथा नाट्यरूपानें सादर करण्याचें ठरविलें. ३१ जुलै १९३० रोजीं ही कथामाला सुरू झाली. कथा सांगणारा निवेदक कांहीं तरी गूढ असावा, एवढ्यासाठींच त्याला ‘शॅडो’ हें नांव देण्यांत आलें. जेम्स ला कर्टो या नटानें प्रथम हें काम केलें. पण थोड्याच दिवसांत त्याच्या जागीं फ्रँक रीडिक आला, आणि त्याच्या आवाजानें श्रोत्यांना पुरतें भारून टाकलें. दांतांच्या फटींतून निघावी तशी ती कुजबूज, आणि तिच्या पाठोपाठ येणारें तें थंड, उपहासाचें हास्य! कथा कोणती होती याचा श्रोत्यांना विसर पडे. हास्य मात्र विसरत नसे.

याचा परिणाम प्रकाशकांच्या अपेक्षेहून निराळाच झाला. लोक वृत्तपत्रांच्या दुकानांवर जाऊन ‘त्या शॅडोचें मासिक द्या’ असें म्हणूं लागले. असें मासिक तर अस्तित्वांतच नव्हतें! जाहिरातीसाठीं उभा केलेला भालदार राजापेक्षां मोठा झाला होता. चतुर प्रकाशकांनीं मग भालदारालाच सिंहासनावर बसविलें. एप्रिल १९३१ मध्यें ‘द शॅडो’ या मासिकाचा पहिला अंक निघाला.

या आवाजाला देह देण्याचें काम वॉल्टर गिब्सन याच्याकडे आलें. फिलाडेल्फियाचा हा पत्रकार स्वतः हातचलाखीचा जाणकार असून हुडिनी, थर्स्टन यांसारख्या विख्यात जादूगारांसाठीं त्यानें लेखन केलें होतें. पहिल्या अंकाच्या वेळची एक गंमत सांगण्यासारखी आहे. नवें मुखपृष्ठ रंगविण्याचा खर्च टाळण्यासाठीं प्रकाशकांनीं आपल्या संग्रहांतील एक जुनें चित्र बाहेर काढलें. त्यांत एक चिनी मनुष्य आणि भिंतीवर पडलेली त्याची सावली होती. गिब्सननें निमूटपणें त्या चित्राला साजेसा चिनी प्रसंग आपल्या कथेंत घातला. आवाजामागून कथा आली, आणि चित्रामागून प्रसंग आला!

गिब्सनचा शॅडो काळा झगा पांघरतो, रुंद काठाची टोपी डोळ्यांवर ओढतो, आणि दोन्ही हातांत पिस्तुलें घेऊन अंधारांतून प्रकट होतो. त्याच्या दिसेनासें होण्यांत चमत्कार नाहीं. प्रेक्षकाची नजर भलतीकडे वळवावी आणि त्या क्षणांत आपलें काम उरकावें, ही जादूगाराचीच विद्या त्यानें आत्मसात केलेली आहे. पहिल्याच कादंबरींत तो पुलावरून जीव देण्यास निघालेल्या हॅरी व्हिन्सेंट या तरुणाला वांचवितो, आणि वांचलेलें आयुष्य आपल्या कार्यासाठीं मागून घेतो. १९३२ च्या अखेरीपासून हें मासिक महिन्यांतून दोनदां निघूं लागलें. म्हणजे वर्षाला २४ कादंबऱ्या! एकूण ३२५ अंकांपैकीं २८२ अंकांतील कादंबऱ्या एकट्या गिब्सनच्या आहेत. परंतु मुखपृष्ठावर लेखक म्हणून नांव छापलें जाई तें मॅक्सवेल ग्रँट या कल्पित माणसाचें. छायेचा चरित्रकारहि छायेंतच राहिला.

अशा नायकाची त्या समाजाला एवढी ओढ कां लागावी? १९२९ सालीं अमेरिकेंतील शेअरबाजार कोसळला होता. पेढ्या बुडत होत्या, कारखाने बंद पडत होते. १९२० पासून चालू असलेल्या दारूबंदीच्या आडोशानें गुंडांच्या टोळ्या गबर झाल्या होत्या. १४ फेब्रुवारी १९२९ रोजीं शिकागो शहरांत सात माणसांना भिंतीशीं उभें करून गोळ्या घालण्यांत आल्या. या हत्याकांडाबद्दल न्यायालयांत कोणालाच शिक्षा झाली नाहीं. त्या शहराचा कुप्रसिद्ध टोळीनायक अल् कपोन १९३१ सालीं दोषी ठरला खरा, पण कशाबद्दल? प्राप्तीवरील कर चुकविल्याबद्दल! खून कोण करवितो हें सर्वांना ठाऊक असावें, आणि न्यायासनासमोर मात्र तें सिद्ध होऊं नये, अशा दिवसांत घराच्या एका कोपऱ्यांतून आवाज येई, आणि माणसांच्या अंतःकरणांत लपलेलें पाप आपल्याला ठाऊक आहे, असें तो बजावून सांगे. ज्या समाजाला साक्षीदार मिळत नव्हता, त्याला एक सर्वसाक्षी मिळाला.

२६ सप्टेंबर १९३७ रोजीं म्यूच्युअल नभोवाणीवर शॅडो केवळ निवेदक न राहतां स्वतःच्या श्रुतिकांचा नायक झाला. ही भूमिका करणारा ऑर्सन वेल्स तेव्हां अवघा २२ वर्षांचा होता. थंडीच्या दिवसांत घरें उबदार ठेवण्यासाठीं जाळावयाचा, निळा रंग दिलेला ‘ब्लू कोल’ हा कोळसा विकणारे व्यापारी या कार्यक्रमाचा खर्च सोसत. रविवारीं सायंकाळीं सें-साँस या फ्रेंच संगीतकाराच्या रचनेचे स्वर ऑर्गनवर उमटूं लागले कीं घरोघर माणसें रेडिओजवळ येत.

या श्रुतिकांत नायकाचें रूप पालटलें. झगा आणि टोपी यांचा नभोवाणीवर काय उपयोग? ज्या माध्यमांत कोणीच दिसत नाहीं, त्यांत नायकानें अंधारांत लपून बसण्याला अर्थ उरत नाहीं. म्हणून लेखकांनीं एक नामी युक्ति काढली. लॅमॉंट क्रॅन्स्टन हा धनिक तरुण पूर्वेकडील देशांत एक संमोहनविद्या शिकून आलेला आहे; तिच्या बळावर तो समोरच्या माणसाच्या मनावर असा पडदा टाकतो कीं त्याला आवाज ऐकूं येतो, पण माणूस दिसत नाहीं. हें रहस्य त्याची मैत्रीण मार्गो लेन हिलाच तेवढें माहीत असतें. शॅडो अदृश्य झाला कीं त्याचा आवाज यंत्रांतून गाळून, दूरध्वनीवरून आल्यासारखा ऐकविला जाई. एवढ्यानेंच काम भागे. कारण खोलींत सांपडलेल्या गुन्हेगाराची जी अवस्था, तीच त्या क्षणीं श्रोत्याचीहि असे: दोघांनाहि आवाज ऐकूं येत असे, आणि दोघांनाहि कोणी दिसत नसे. नाटकांतील पात्राचें भय प्रेक्षकापर्यंत पोंचविण्यासाठीं रंगभूमीला केवढा खटाटोप करावा लागतो! येथें तें भय कांहींहि न करतां पोंचत असे.

या पालटाबरोबर नायकाचा स्वभावहि निराळा भासूं लागला. मासिकांतला शॅडो पिस्तुलानें न्याय करीत असे. नभोवाणीवरचा शॅडो पुष्कळदां केवळ बोलतो. गुन्हेगार एकटा असतो, दार बंद असतें, आणि कानाशीं कोणी तरी त्याचेंच कृत्य त्याला सांगूं लागतें. तो दिशाहीन गोळ्या झाडतो, ओरडतो, आणि शेवटीं स्वतःच्याच तोंडानें सारें ओकून टाकतो. मनुष्याच्या विवेकबुद्धीचा हाच अनुभव नाहीं काय? तिलाहि रूप नाहीं. तीहि नको त्या वेळीं बोलते. आणि तिच्यावर झाडलेली गोळी भिंतीलाच लागते. हा नायक पोरकट साहसांतून वर उठतो तो याच ठिकाणीं.

परंतु दुसरी बाजूहि पाहिली पाहिजे. जो सर्वांना पाहतो आणि ज्याला कोणीच पाहत नाहीं, अशा शक्तीच्या हातीं न्याय सोंपविणें कितपत सुरक्षित आहे? तिला जाब कोण विचारणार? श्रुतिकेचे लेखक शॅडोला कधीं चुकूं देत नसत, म्हणून श्रोता निश्चिंत असे. प्रत्यक्ष जगांत अशी हमी कोणी देत नाहीं. मनांवर पडदा टाकण्याची विद्या कथेंत सज्जनाच्या हातीं होती. बाहेर ती कोणाच्याहि हातीं जाऊं शकते. वेल्सनें १९३८ सालीं शॅडोची भूमिका सोडली, आणि त्याच वर्षीं ३० ऑक्टोबरला मंगळावरून आलेल्या स्वारीची श्रुतिका बातम्यांच्या थाटांत सादर केली. कित्येक श्रोत्यांना ती खरी वाटली. दुसऱ्या दिवशीं वृत्तपत्रांनीं या घबराटीचीं वर्णनें फुगवून छापलीं, असें पुढील संशोधकांनीं दाखविलें आहे. तेव्हां पडदा केवळ नभोवाणीनेंच टाकला असें नव्हे. छापील अक्षरानेंहि तो टाकला. न दिसणाऱ्या आवाजावर विश्वास ठेवतांना जेवढी सावधगिरी हवी, तेवढीच दिसणाऱ्या अक्षरावर ठेवतांनाहि हवी.

‘द शॅडो’ मासिक १९४९ च्या उन्हाळ्यांत बंद पडलें. नभोवाणीवरचें तें हास्य २६ डिसेंबर १९५४ रोजीं थांबलें; तोंवर अमेरिकेंतील दिवाणखान्यांत रेडिओची जागा चित्रवाणीनें घेतली होती. त्याचा वंश मात्र खुंटला नाहीं. १९३९ सालीं अवतरलेल्या बॅटमॅनची पहिली कथा शॅडोच्या एका कथेवर बेतलेली होती, अशी कबुली तिचा लेखक बिल फिंगर यानें पुढें दिली. शॅडोला पडद्यावर आणण्याचे प्रयत्न १९३७ पासून १९९४ पर्यंत पुनःपुन्हां झाले. पण नभोवाणीवर मिळालेलें वैभव त्यांपैकीं एकालाहि लाभलें नाहीं. ज्याला पाहतां येत नाहीं हीच ज्याची थोरवी, त्याला दाखवून काय साधणार?

गिब्सन १९८५ सालीं वारला. त्यानें आवाजाला देह दिला, अडीचशेंहून अधिक कादंबऱ्यांतून तो वागविला. तरीहि शॅडो म्हटलें कीं लोकांना अजून प्रथम आठवतो तो आवाजच. दिवा मालवल्यावर, घरांत सामसूम झाल्यावर, जो प्रश्न इतर कोणी विचारीत नाहीं तो विचारणारा आवाज.