साल टाकू नका, पण लोहाच्या गोळीसोबतही घेऊ नका

आम्ही चिखली तालुक्यातल्या बचत गटाच्या बाया. हातातलं काम चालू ठेवा, पण कान इकडे द्या. आज बोलायचं आहे ते आपण उकिरड्यावर टाकतो त्या सालींबद्दल.

साल खाणं आपल्याला काही नवं नाही. दोडक्याच्या शिरांची तीळ घालून केलेली चटणी कुणाच्या घरात होत नाही? आमटीत टाकतो ते आमसूल म्हणजेही सालच. कोकणातल्या रातांब्याची साल त्याच्याच रसात बुडवून पुन्हा पुन्हा वाळवली की आमसूल होतं. म्हणजे तिकडे सालीचेच पैसे होतात. आपण मात्र डाळिंब सोलतो, दाणे लेकरांना देतो आणि साल गुरांपुढे टाकतो.

डाळिंबाची साल जिभेवर ठेवली की तोंड कसं आवळून येतं! तो तुरटपणा टॅनिनचा. चहात असतं, बाभळीच्या शेंगेत असतं, तेच हे. डाळिंबाच्या सालीत ते भरपूर असतं, दाण्यांपेक्षा कितीतरी जास्त. आपल्या आज्या पोट बिघडलं की सालीचा काढा द्यायच्या, हिरड्या सुजल्या की त्याच्याच गुळण्या करायला लावायच्या. त्यात तथ्य आहे. टॅनिन आवळून धरतं, आणि प्रयोगशाळेत सालीच्या अर्काने काही जंतूंची वाढ रोखलेलीही दिसली आहे. पण काचेच्या बशीतले जंतू वेगळे आणि तान्ह्या लेकराचं पोट वेगळं. लेकराला जुलाब लागले तर आधी ओआरएसची पुडी एक लिटर पाण्यात, आणि आशाताई देतात त्या झिंकच्या गोळ्या १४ दिवस पूर्ण. काढ्याच्या भरवशावर बसू नका. डोळे खोल गेले, लेकरू सुस्त पडलं किंवा जुलाबात रक्त दिसलं, तर लगेच दवाखाना.

आता आमचीच फजिती सांगतो. गावात एक फिरता विक्रेता आला होता. डाळिंबाच्या सालीची पूड, ‘रक्त वाढतं’ म्हणाला. डाळिंब लाल, रक्त लाल, आम्हाला पटलं! गटातल्या सात-आठ जणींनी घेतली. त्यात एक गरोदर सून होती. ती सकाळी लाल गोळी, चहा आणि ही पूड एकदमच घ्यायची. उपकेंद्रात रक्त तपासलं तर आकडा हललेला नाही. नर्सबाईंनी एकच विचारलं, “गोळी कशासोबत घेता?” मग उलगडा झाला. जे टॅनिन तोंड आवळतं, तेच पोटात लोहाला धरून बसतं आणि लोह अंगात शिरू देत नाही. चहा तेच करतो, सालीची पूडही तेच करते. म्हणजे गोळी घेतली, पण तिचा बराच भाग वाया गेला. पूड विकत घेऊन आम्ही सरकारी गोळी फुकट घालवत होतो, हे ऐकून आमच्या सासूबाई लोकांची तोंडं पाहण्यासारखी झाली.

ही गंमत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्या महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी ५४ टक्के जणींच्या अंगात रक्त कमी निघालं. म्हणजे गटाच्या बैठकीत वीस जणी असतील तर दहा-अकरा. त्यामुळे मुलींची निळी गोळी असो की गरोदर बाईची लाल, ती चहा आणि सालीपासून दोन तास तरी लांब ठेवा. लिंबू पाण्यासोबत घेतली तर उत्तम, लिंबाने लोह चांगलं लागतं. जेवणात मेथी, हरभऱ्याची भाजी असेल तेव्हाही वर लिंबू पिळा. चहा मागून.

साल वापरायचीच तर गुळण्यांसाठी वापरा. पण बाजारातल्या डाळिंबावर फवारे फार झालेले असतात. तेल्या रोगाच्या भीतीने बागाईतदार तरी काय करणार! फवाऱ्याचा अंश सालीवरच जास्त राहतो. परसातल्या झाडाचं फळ असेल तर साल धुऊन सावलीत वाळवा, एक तुकडा पेलाभर पाण्यात उकळा, गाळा, कोमट झालं की गुळण्या करून थुंका. आणि झाडाच्या मुळाची साल कुणी औषध म्हणून सांगितली तर हातही लावू नका, ती विषारी पडू शकते.

संत्र्याच्या सालीचं वेगळं. तिच्यात तुरटपणा कमी, सुगंधी तेल जास्त. आमच्यातली एक जण ती वाळवून बेसनात मिसळून अंगाला लावते. टरबुजाच्या पांढऱ्या गराची भाजी मात्र बिनधास्त करा, वरची हिरवी साल काढून. दुधीसारखीच लागते.

सीताफळाच्या बियांचं पुढच्या वेळी सविस्तर बोलू. तोवर एवढं ऐका: उवांसाठी त्या कुटून पोरींच्या डोक्याला लावू नका. ती पूड डोळ्यांत गेली तर बुबुळाला इजा होते. गेलीच तर स्वच्छ पाण्याने डोळा धूत राहा आणि तसंच डॉक्टरकडे न्या.